दीड महिन्याच्या बाळाचा दिवस कसा लावावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका पहिलटकरीण आईची मुलगी सहा आठवड्यांची झाली आहे. जन्माच्या वेळी तिचे वजन २.८ किलो होते, परवाच्या तपासणीत ते ३.९ किलो भरले. बाळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. सव्वा महिना माहेरी काढून या बाई सासरी आल्या, आणि तेव्हापासून घरात रोज एकच चर्चा चालते: बाळ दिवसा झोपते, रात्री डोळे टक्क उघडे ठेवून पाहत राहते आणि तिन्हीसांजेला सहा-साडेसहापासून नऊपर्यंत काही केल्या रडायचे थांबत नाही. सासूबाईंच्या मते दूध पुरत नाही, त्यामुळे वरचे दूध आणि गुटी सुरू करावी. पतीने मोबाईलमध्ये दर तीन तासांचे वेळापत्रक लावले आहे, ते एकही दिवस पाळले गेलेले नाही. ‘दिवस नेमका कसा लावावा आणि कोणाचे ऐकावे’ असे त्यांनी विचारले आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटते.

सर्वात आधी दुधाचा विषय निकालात काढू, कारण बाकीची सगळी काळजी त्याच्यावर उभी आहे. तुमच्या मुलीने बेचाळीस दिवसांत १,१०० ग्रॅम वजन घेतले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी सव्वीस ग्रॅम. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते आणि ते भरून यायलाच दहा ते चौदा दिवस जातात, हे लक्षात घेतले तर नंतरची वाढ याहूनही चांगली आहे. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढ अपेक्षित असते. त्यातच ती चोवीस तासांत सहापेक्षा अधिक वेळा भरपूर शू करत असेल, तर तिला दूध पुरते आहे, आणि यावर मत देण्याचा अधिकार वजनकाट्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास स्तन पूर्वीसारखे दगडासारखे भरून येत नाहीत, मऊ राहतात. त्यावरून ‘दूध आटले’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात शरीराने बाळाची गरज ओळखून तेवढेच दूध तयार करण्याची घडी बसवलेली असते. पंपाने किंवा हाताने काढून किती निघते हेही प्रमाण मानू नये, कारण नीट लागलेले बाळ पंपापेक्षा कितीतरी चांगले दूध ओढते. येथे वरच्या दुधाची एक बाटली दिली, तर बाळ तेवढा वेळ अंगावर पिणार नाही, तेवढे दूध कमी तयार होईल, आणि आज नसलेली कमतरता महिन्याभरात खरोखरच निर्माण होईल. पाणीही द्यायचे नाही, अगदी मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असते.

आता वेळापत्रकाविषयी. तीन तासांचा गजर कृपया बंद करावा. या वयाचे बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते, पण ती अंतरे सारखी नसतात. सकाळी दोन पाजण्यांत अडीच-तीन तास जातील, तर संध्याकाळी पाऊण तासात ती पुन्हा मागेल. बाळ मुठी तोंडाकडे नेऊ लागले, जीभ बाहेर काढू लागले, मान इकडेतिकडे वळवून गालाला लागलेल्या कपड्याकडे तोंड उघडू लागले की पाजावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून लाल झालेल्या बाळाला छातीशी नीट लावून घेणे दुप्पट कठीण जाते. झोपेचेही तसेच आहे. दीड महिन्याचे बाळ एका वेळी साधारण तास-सव्वा तासच आनंदाने जागे राहू शकते. त्यानंतर ते नजर फिरवते, जांभया देते, हातपाय झटकू लागते. ती खूण चुकली की घरातील मंडळी खुळखुळा वाजवतात, बाळ आणखी दमते, आणि मग ‘झोप आलेली असूनही झोपत नाही’ ही तक्रार सुरू होते. तेव्हा दिवसाचा क्रम घड्याळाने न लावता एवढाच ठेवावा: उठले की पाजणे, थोडे बदलणे, थोडे बोलणे-खेळणे आणि दमल्याची पहिली खूण दिसताच झोपवणे. हा क्रम दिवसातून सहा-सात वेळा आपोआप फिरतो.

संध्याकाळच्या रडण्याने घरे खरोखर हादरतात, म्हणून त्याविषयी जरा थांबून लिहितो. जगभरातील निरोगी बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते शिगेला पोहोचते आणि तीन ते चार महिन्यांपर्यंत बरेच ओसरते. म्हणजे तुम्ही नेमक्या चढाच्या माथ्यावर आहात. दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवडे असे रडणे चालले तर त्याला कोलिक म्हणावे, अशी व्याख्या १९५४ साली झाली आणि ती अजूनही वापरली जाते. मात्र व्याख्या ठरली म्हणून कारण सापडले असे नव्हे. बाळ पाय पोटाशी घेते, पोट कडक होते, गॅस सुटतो, म्हणून सगळे ‘पोटात दुखते’ म्हणतात. परंतु जोराने रडणारे कोणतेही बाळ पाय पोटाशी घेते आणि रडताना हवा गिळल्याने गॅसही होतो, त्यामुळे कार्य आणि कारण यांची येथे अदलाबदल झालेली असते. शिवाय संध्याकाळी दूध तयार होण्याचा वेग थोडा कमी असतो आणि बाळ त्याची भरपाई पुन्हा पुन्हा पिऊन करते. ‘आताच पाजले होते’ असे म्हणून त्या वेळी अडवू नये. एका बाजूचे संपले की दुसऱ्या बाजूला, पुन्हा पहिल्या बाजूला, असे चालू द्यावे.

त्या तीन तासांत तुमच्या घरात काय चालू असते हे एकदा तटस्थपणे पाहावे. दूरदर्शन संच मोठ्याने सुरू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, पती कामावरून येतात, शेजारच्या काकू बाळ पाहायला येतात आणि बाळ या हातातून त्या हातात फिरते. दिवसभर साठलेला शीण घेऊन बसलेल्या सहा आठवड्यांच्या मेंदूला हे सोसत नाही. साडेपाचनंतर एका खोलीतील मोठा दिवा बंद करून एकाच माणसाने बाळाला उघड्या छातीवर उभे धरावे, पाठीवर हात ठेवून खोलीतल्या खोलीत सावकाश चालावे आणि एकच अंगाई पुन्हा पुन्हा म्हणावी. ते माणूस आईच असले पाहिजे असे नाही. उलट वडील असतील तर उत्तम, कारण दुधाचा वास न आल्याने बाळ त्यांच्या अंगावर अनेकदा लवकर शांत होते. हे सगळे करूनही ती काही संध्याकाळी रडेलच. जेव्हा धरणाऱ्याचा संयम सुटू लागेल, तेव्हा बाळाला पाळण्यात उताणे ठेवून पाच-दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. तेवढे रडल्याने बाळाला काही होत नाही; पण वैतागाच्या भरात बाळ गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र दररोजच्या रडण्याला ‘कोलिक’ म्हणण्यापूर्वी करावी. बाळाचे सगळे कपडे काढून त्याला प्रकाशात नीट पाहावे: जांघेत फुगवटा आहे का, कानाला हात लावताच कळवळते का, आणि हातापायांच्या प्रत्येक बोटाला आईचा लांब केस किंवा मोज्याचा दोरा गुंडाळला गेला आहे का. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, एखादा मोज्यात अडकतो आणि बोट सुजून लाल होते. ही गोष्ट क्वचितच घडते, पण ती सापडायला अर्धा मिनिटही लागत नाही.

रात्र आणि दिवस उलटे होणे हा या वयाचा दोष नाही. दिवस-रात्र ओळखणारे शरीरातील घड्याळ जन्मतः तयार नसते. अंधार पडल्यावर झोप आणणारे मेलॅटोनिन ठराविक तालात स्रवायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. आपण त्याला मदत करू शकतो, घाई करू शकत नाही. सकाळी ठरलेल्या वेळी पडदे उघडावेत, दिवसाची झोप उजेडात आणि घरातील रोजच्या आवाजात होऊ द्यावी, ‘बाळ झोपले आहे, गप्प बसा’ असा दरारा ठेवू नये. रात्री याच्या उलट वागावे. मंद दिवा, बोलणे नाही, हसवणे नाही, मोबाईलचा प्रकाश नाही. शी केली असेल किंवा फार भिजले असेल तरच लंगोट बदलावा, पाजावे आणि ठेवावे. मध्यरात्री बाळ टक्क जागे राहिले तर राहू द्यावे, त्याच्याशी गप्पा मारायला सगळे घर उठवू नये. पहिल्या तीन महिन्यांनंतर एखादी चार-पाच तासांची सलग झोप मिळू लागते. रात्री एक-दोनदा पिण्यासाठी उठणे मात्र पुढेही बराच काळ चालू राहते.

झोपवायचे ते उताणे, सपाट आणि टणक गादीवर, उशीशिवाय. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती नको. डोके एका बाजूला चपटे होऊ नये यासाठी उशीची गरज नसते, एका झोपेला उजवीकडे तर दुसऱ्या झोपेला डावीकडे तोंड करून ठेवले आणि जागेपणी थोडा वेळ पोटावर पालथे घातले की पुरते. साडीची झोळी बाळाला शांत करते यात शंका नाही, पण खोल झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून झोळीत डोळा लागला की सपाट जागी हलवावे. दुपट्यात बांधायला हरकत नाही. हात बांधा, पाय मात्र सैल सोडा. पाय सरळ ताणून घट्ट बांधल्याने खुब्याचा सांधा जागेवरून सरकण्याची भीती असते. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात टोपडे, मोजे आणि वर कुंची घालून झोपवणे म्हणजे बाळाला घामाने उकडणे होय. हातपाय थंड लागणे स्वाभाविक आहे. गरमी-थंडी पाहायची ती मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून.

आता मालीश, आंघोळ, शेक आणि गुटी, ज्यांवरून घरात खरा वाद होतो. माझा ठोकताळा साधा आहे: बाळाच्या अंगावर जे होते ते बहुधा चालते, आणि तोंड, नाक, कान, डोळे यांतून आत जे जाते ते चालत नाही.

या ठोकताळ्यानुसार मालीश अवश्य करावी, आणि मालीश करणाऱ्या बाई ठेवल्या असतील तर त्यांचा मान राखूनच आपल्या अटी सांगाव्यात. कोकणात नारळाचे तेल, देशावर तिळाचे तेल वापरतात, दोन्ही चांगली. ऑलिव्ह तेलाची सध्या फॅशन आहे, परंतु नाजूक कोरड्या त्वचेला ते आणि मोहरीचे तेल तितकेसे मानवत नाही. दाब हलका, पाजल्यानंतर निदान पाऊण तासाने. पायावर घेऊन न्हाऊ घालण्याची आपली पद्धत मला स्वतःला प्लास्टिकच्या टबापेक्षा पसंत आहे, कारण पाटावर पाय पसरून बसलेल्या बाईच्या नडग्यांच्या खाचेत बाळ घट्ट बसते, घसरत नाही. फक्त पाणी कोपराला कोमट लागेल इतकेच ऊन असावे, तांब्याची धार उंचावरून नको आणि तोंडावर तर नकोच; चेहरा ओल्या कापडाने पुसावा. बेसन-हळद-सायीचे उटणे लावून अंगावरची लव घासून काढण्याचा खटाटोप करू नये, ती काही महिन्यांत आपोआप जाते. नाक चिमटीत धरून सरळ करणे, पायांना धरून उलटे लोंबकळवणे आणि छातीची सुजलेली गाठ पिळून ‘दूध काढणे’ या तीन गोष्टी मात्र ठामपणे थांबवाव्यात. नवजात मुलामुलींच्या छातीला येणारी ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे असते व काही आठवड्यांत उतरते. पिळल्याने तेथे जंतुसंसर्ग होऊन गळू होते आणि ते फोडावे लागते. तेल नाकात व कानात सोडू नये; नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून तेथे न्यूमोनियासारखा आजार करते. टाळूवर तेल लावा, पण टाळू ‘भरण्याची’ गरज नाही. ती नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान आपल्या वेळेला भरून येते.

शेगडीवर ओवा, वावडिंग, ऊद टाकून दिलेली धुरी दिसायला अंगावरची गोष्ट आहे, पण ती जाते फुप्फुसात. पूर्वीच्या घराला कौले होती, धूर वर निघून जाई. बंद खिडक्यांच्या सदनिकेत पेटता कोळसा ठेवला तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही साठतो. तीच गोष्ट अगरबत्तीची आणि डासांच्या उदबत्तीची. त्याऐवजी मच्छरदाणी लावावी. सासूबाईंना ओव्याची ऊब द्यायचीच असेल, तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून ती आईच्या कंबरेला शेकावी. काजळ डोळ्यांत नको, कारण त्यात शिसे असू शकते आणि बोटाने होणारा संसर्ग वेगळाच. तीट लावायची तर कानामागे किंवा तळपायाला लावावी, म्हणजे ती चोळून बाळ डोळ्यांत नेणार नाही. दृष्ट काढायला माझी काहीच हरकत नाही, मीठ-मोहरी जाळायची तेवढी बाळापासून दूर जाळावी.

गुटीविषयी सासूबाईंना राग येऊ न देता सांगायला हवे. हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हिरडा, अतिविष अशा काष्ठौषधी सहाणेवर वेढे देऊन उगाळतात, आणि बाळ गुटीने ‘शांत’ झोपते याचे बरेचसे श्रेय जायफळाला असते. म्हणजे आपण दीड महिन्याच्या बाळाला गुंगी आणतो. वेढा किती, पाणी कोणते, सहाण कितपत धुतलेली, काष्ठ किती जुने, याला कसलेच माप नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही हा नियम गुटीलाही लागू आहे. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातील जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाले आणि मूळ मिश्रणात मद्यार्क होता, यावरून त्या काळच्या बाळांच्या शांत झोपेचा अंदाज यावा. आता मद्यार्क नसतो. राहतो तो शेपा, साखर आणि आयांचे समाधान. तोंडावाटे द्यायची एकच गोष्ट खरोखर आवश्यक आहे, ती म्हणजे ड जीवनसत्त्वाचे दररोज ४०० एकक, वर्षभर. बाजारातील थेंबांची तीव्रता वेगवेगळी असते. बाटली बदलली की मात्राही बदलते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय देऊ नये.

आईचा दिवस कोणीच विचारत नाही, म्हणून तोही लिहितो. घरात कामांची वाटणी करताना ‘पाजणे हे आईचे, बाकी सर्व इतरांचे’ असे धरले तरच पहिले तीन महिने निभावतात. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, दुपटी धुणे, पाहुण्यांना चहा देणे यांपैकी कशालाही स्तन लागत नाहीत. रात्री बाळाला आईजवळ आणून देणे आणि पिऊन झाल्यावर खांद्यावर घेणे पतीने केले, तर आईची प्रत्येक फेरीची वीस मिनिटे वाचतात. सकाळच्या मालीश-आंघोळीनंतर बाळ सर्वात गाढ झोपते. त्या वेळी आईनेही झोपावे, भांडी तशीच राहू द्यावीत. अळीव, डिंक, मेथीचे लाडू आवडत असतील तर खावेत, पण डाळ, फ्लॉवर, फळे बंद करून बाळाचे पोट सुधारत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या बहुतेक घरांत महिन्याभरात विसरल्या जातात. पहिल्या काही दिवसांतील रडू स्वाभाविक असते. मात्र दोन आठवड्यांनंतरही मन सतत उदास राहणे, बाळ झोपले तरी झोप न येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे किंवा भलतेसलते विचार येणे याला आजार समजून उपचार घ्यावेत. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध आहे. पत्रात तुम्ही स्वतःविषयी एकही वाक्य लिहिलेले नाही, म्हणून हे मुद्दाम विचारतो आहे.

याच आठवड्यात दीड महिन्याच्या लसी द्यायच्या आहेत: पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब व इंजेक्शन, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल. त्या सकाळी घ्याव्यात, म्हणजे ताप आलाच तर तो दिवसा येईल. मांडी चोळू नये, शेकू नये. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावरून लसीच्या वेळीच लिहून घ्यावी. लसीनंतरचा एक-दोन दिवसांचा ताप सोडला, तर तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास घरी थांबू नये. बाळ पिणे सोडून सुस्त पडले, शांत असतानाही मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, हिरवी उलटी झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. शी चार-पाच दिवस झाली नाही तरी अंगावर पिणाऱ्या बाळाची चिंता नको, पण शी चुन्यासारखी पांढुरकी होऊ लागली किंवा डोळे अजून पिवळे असतील तर त्याच दिवशी दाखवावे. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर लाभ अधिक होतो.

लसीला जाताना सासूबाईंना बरोबर न्यावे, आणि वजन करताना काटा त्यांना पाहू द्यावा. दुधाचा वाद माझ्या किंवा तुमच्या सांगण्याने मिटण्यापेक्षा तसा लवकर मिटेल. वेळापत्रकाचे ॲप पतीने ठेवायचेच म्हटले, तर त्यात गजराऐवजी शूची संख्या नोंदवावी. पुढील लसीच्या वेळी, दहाव्या आठवड्यात, डॉक्टरांना त्या नोंदीचा खरोखर उपयोग होईल.